काच, पाय आणि एक वायर

मामाच्या गॅरेजमध्ये ती गाडी टोचन लावून आली, तेव्हा तिच्यात सीट नव्हत्या, डॅशबोर्डच्या जागी नुसता पत्रा होता आणि हेडलाइटच्या खोबणीत चिमणीचं जुनं घरटं होतं. स्टँडर्ड हेरल्ड. दोन दारांची. मालक पुण्याचे, निवृत्त गृहस्थ. त्यांनी अटी सांगितल्या. बाहेरचं रूप तसंच राहील, आतून मात्र ती स्पोर्ट्स कार झाली पाहिजे. दोनच बकेट सीट, लाकडी डॅश, छोटं स्टिअरिंग. आणि शेवटी म्हणाले, "हीटर पण बसवा. चालू-बंद करायचा खटका जुन्या पद्धतीचा हवा."

मामा हसला. मंचर-नारायणगाव पट्ट्यात, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला तीस वर्षं त्यानं ट्रॅक्टर, पिकअप, जीप आणि टेम्पो दुरुस्त केले. हीटर बसवा असं त्याला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मालक गेल्यावर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काय रे, मंचरला काय बरफ पडतोय व्हय?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढचे सहा महिने आम्ही त्या एका खटक्यावर जेवढं भांडलो, तेवढं इंजिनावरही भांडलो नाही. त्या भांडणातूनच मी हीटरचा इतिहास वाचायला लागलो. हा लेख त्या वाचनाचा आणि त्या खटक्याचा.

बटाटा आणि काच

मामाच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे त्याच्याच आयुष्यात होतं. गॅरेज टाकायच्या आधी तो जीपवर ड्रायव्हर होता. नारायणगावहून टोमॅटो भरायचे, आळेफाट्याला डावीकडे वळायचं, ओतूर, मढ करत माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाडमार्गे पहाटे कल्याण गाठायचं. पावसाळ्यात माळशेजमध्ये ढग रस्त्यावर उतरतात, हे आता सगळ्यांना रीलवरून माहीत झालंय. पण रात्री दीड वाजता, भरलेली गाडी घेऊन, त्या ढगातून उतरणाऱ्या माणसाला ते दृश्य सुंदर वाटत नाही. बाहेरचं धुकं परवडलं, त्यात निदान समोरच्या गाडीचा दिवा अंधुक दिसतो. काच आतून धूसर झाली की काहीच दिसत नाही.

एकदा तसंच झालं. केबिनमध्ये तिघं जण, अंगावरचे कपडे ओले, खिडक्या बंद. काच आतून पांढरी झाली. किन्नर फडक्यानं पुसत होता आणि पुसल्या जागी दोन मिनिटांत पुन्हा वाफ धरत होती. एका वळणावर मामाला कठडा दिसला तो चाकापासून हातभर अंतरावर आल्यावर. त्यानं गाडी थांबवली, उजाडेपर्यंत तिथंच उभी केली आणि बाजार चुकला. शेतकऱ्याचा माल पडेल भावानं गेला. त्या रात्रीबद्दल मामा जास्त बोलत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर तो गाडीत कायम एक कापलेला बटाटा ठेवायचा.

बटाट्याची ही युक्ती आपल्याकडच्या ड्रायव्हरांना चांगली ठाऊक आहे. कापलेला बटाटा काचेवर घासला की पाण्याचे वेगवेगळे थेंब न होता सलग पातळ थर पसरतो आणि आरपार दिसतं. वायपर बंद पडला की काही जण तंबाखूही चोळतात. आमच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार बटाट्यासाठीच प्रसिद्ध, त्यामुळे औषधाची कमतरता नव्हती.

पण बटाटा हा उपाय लक्षणावरचा. मूळ दुखणं असं की, गार हवेत वाफ कमी मावते. माणसाच्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ गार काचेला लागली की तिचं पाणी होतं. काच जरा कोमट ठेवली की ते होत नाही. म्हणजे हीटर पाय शेकायला असतो हा आपला समज अर्धाच खरा. हीटरचं मोठं काम काचेवर असतं. थंडीसाठी आपल्याकडे घोंगडी आहे, शेकोटी आहे, पण घोंगडी काचेला पांघरता येत नाही.

अमेरिकेत वाहनसुरक्षेच्या १०३ क्रमांकाच्या मानकानं १९६८ पासून कारच्या समोरच्या काचेवरचं दव आणि बर्फ हटवणारी यंत्रणा सक्तीची केली. तिथं ही गोष्ट ब्रेक आणि दिव्यांच्या पंगतीत बसली. आपल्याकडे मात्र 'इथं कसली थंडी' या एका वाक्यावर ती कितीतरी वर्षं चैनीच्या यादीत राहिली. ते वाक्य बोलणारे लोक बहुधा रात्री माळशेज उतरत नसावेत.

एक बाई, एक पेटंट आणि एक गैरसमज

तुम्ही फोनवर 'कार हीटरचा शोध' असं शोधलंत तर पहिल्याच फटक्यात एक नाव येतं, शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स. २८ नोव्हेंबर १८९३ ला त्यांना 'कार-हीटर'चं पेटंट मिळालं. रील बनवणारे यावर मोटारीचं चित्र लावतात. पण १८९३ मध्ये अमेरिकेत मोटारी होत्याच कितीशा? बेंझच्या तीनचाकीचं पेटंट १८८६ चं आणि मुंबईत पहिल्या मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. त्या काळच्या अमेरिकन बोलण्यात 'कार' म्हणजे रेल्वेचा किंवा ट्रामचा डबा. विल्कॉक्सबाईंचा हीटर डब्यासाठी होता. यानं त्यांचं मोठेपण कमी होत नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या प्रवाशाला ऊब कशी द्यायची, हा प्रश्न मोटारीच्या आधीपासून लोकांना पडला होता, एवढंच यातून कळतं.

इंग्लंडच्या रेल्वेत तेव्हा प्रवाशांच्या पायाखाली गरम पाणी भरलेले चपटे पत्र्याचे डबे ठेवत. सुरुवातीच्या मोटारींत तर सरळ शेगडीच असायची. गालिच्यानं मढवलेल्या पत्र्याच्या पेटीत निखाऱ्यासारखी जळणारी कोळशाची वीट ठेवायची आणि पेटीवर पाय ठेवून बसायचं. यात खटका असा नव्हताच. गरम जास्त झालं तर पाय उचला, कमी झालं तर वीट बदला.

मग लोकांच्या लक्षात आलं की, इंजिन स्वतःच एक शेगडी आहे. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेचा बराच मोठा भाग चाकांपर्यंत पोचतच नाही, धुराबरोबर आणि रेडिएटरमधून वाया जातो. तीच केबिनमध्ये का आणू नये? पहिला मार्ग धुराच्या नळीचा. एक्झॉस्टभोवती पत्र्याचं वेष्टण करायचं, त्यातून हवा खेळवायची आणि ती फरशीतल्या झडपेतून आत सोडायची. फोर्डच्या 'मॉडेल ए'साठी असे हीटर मिळत. यातला धोका उघड आहे. नळीला बारीक चीर गेली तर गरम हवेबरोबर विषारी वायू आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुसरा मार्ग पाण्याचा. इंजिन गार ठेवणारं पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत तापलेलं असतं. त्यातलं थोडं पाणी डॅशबोर्डखाली बसवलेल्या हातभर रेडिएटरमधून फिरवायचं आणि मागून पंख्यानं हवा मारायची. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही पद्धत रुळली आणि आजही पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक सगळ्या गाड्यांत तीच आहे. १९३८ मध्ये अमेरिकेच्या नॅश कंपनीनं एक पाऊल पुढं टाकलं. केबिनमधलीच हवा घोळवत न बसता तिनं बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत घेतली. पुढच्या वर्षी त्या यंत्रणेला 'वेदर आय' असं नाव देऊन तिच्यात तापमान आपोआप राखण्याची सोय केली.

म्हणजे उष्णता मिळवण्याचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटला होता. अडलं होतं ते तिच्यावर ताबा ठेवण्यापाशी. याचा सगळ्यात गमतीदार नमुना थंड हवेच्या बाबतीतला आहे. १९४० च्या मॉडेलसाठी पॅकार्ड कंपनीनं मोटारीत एअर कंडिशनर देऊ केला. महागडी, कौतुकाची गोष्ट. पण डॅशबोर्डवर तो बंद करायला बटणच नव्हतं. कायमचा बंद करायचा तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हातानं काढून ठेवायचा. हीटरचंही अनेक इंग्लिश गाड्यांत तसंच होतं. गरम पाण्याचा नळ इंजिनावरच असायचा. उन्हाळा आला की बॉनेट उघडून नळ बंद, थंडी आली की उघडून चालू. आपल्याकडे पावसाळ्याआधी कौलं चाळतात, तसं वर्षातून दोनदा करायचं काम.

तो नळ डॅशबोर्डवर बसून फिरवता यावा यासाठी जी वस्तू लागली ती तुमच्या-माझ्या सायकलला आहे. बाहेरून गुंडाळलेल्या तारेची नळी आणि आत सरकणारी तार. अर्नेस्ट बोडन यांनी १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं म्हणून तिला बोडन केबल म्हणतात. आपले मिस्त्री तिला नुसतं 'वायर' म्हणतात. क्लच वायर, ब्रेक वायर, चोक वायर. वाकड्या वाटेनंही खेच पोचवणारी ही वायर नसती तर डॅशबोर्डवरचे निम्मे खटके झालेच नसते.

स्पोर्ट्स कारवाल्यांचा ताठा

आता स्पोर्ट्स कार. इंग्लंडमध्ये उघड्या टपाच्या छोट्या स्पोर्ट्स कारची एक जुनी ऐट होती. वारा तोंडावर घ्यायचा, पाऊस अंगावर घ्यायचा आणि तक्रार करायची नाही. एमजीच्या जुन्या टी मालिकेतल्या गाड्या हीटरशिवायच येत. १९६२ साली एमजीबी आली तेव्हासुद्धा इंग्लंडमध्ये हीटरचे पैसे वेगळे मोजावे लागत. ज्या देशात वर्षातले सहा महिने हात गारठतात, तिथली ही गोष्ट.

आमच्या हेरल्डचं नातं याच घराण्याशी. ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ ला आली, तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलं. तेव्हा बहुतेक छोट्या गाड्या चॅसी आणि बॉडी एकजीव करून बनू लागल्या होत्या, हेरल्डची चॅसी मात्र वेगळी होती, टेम्पोसारखी. बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टनं बसवलेले. सगळं पुढचं तोंड, मडगार्डांसकट, पुढं उलटून उघडतं. मामानं ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा पुढच्या चाकावर बसून इंजिनाकडे बघत म्हणाला, "ही गाडी बनवणाऱ्याला मिस्त्रीची दया होती."

वेगळ्या चॅसीमुळं हेरल्डवर वेगळी बॉडी चढवणं सोपं होतं. कंपनीनं स्वतःच चॅसी आखूड करून १९६२ मध्ये तिच्यावर स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार उभी केली. हौशी लोकांनीही पुढं हेरल्डच्या चॅसीवर कितीतरी घरगुती गाड्या बांधल्या. भारतात १९६१ पासून साधारण दहा वर्षं मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ही गाडी 'स्टँडर्ड हेरल्ड' नावानं बनवली, ९४८ सीसीच्या इंजिनासह. म्हणजे आमच्या पुढ्यातली गाडी स्पिटफायरची सख्खी बहीण, इथं वाढलेली. आमच्या गाडीत हीटर नव्हता. इंजिनावर हीटरच्या पाइपाची जागा मात्र होती, बुच मारून बंद केलेली.

जर्मनीत गोष्ट निराळी होती. पोर्शे ९११ हवेवर गार होणारी. १९६४ पासून १९९८ पर्यंत त्या गाडीत रेडिएटरचं पाणी नव्हतंच, त्यामुळं गरम पाण्याचा हीटरही शक्य नव्हता. तिथं एक्झॉस्टभोवतीच्या वेष्टणातून हवा तापवून आत आणायची, तोच जुना मार्ग, फक्त नीट बांधलेला. बरीच वर्षं हँडब्रेकजवळच्या दांडीनं ही ऊब कमी-जास्त करायची. पण इंजिनाचा वेग वाढला की ऊब वाढे, सिग्नलला थांबलं की कमी होई. गाडी चालवणाऱ्याचा एक हात त्या दांडीशी खेळत राही. जुन्या ९११ नव्यानं बांधणारे जगभरचे हौशी लोक आजही या दांड्या आणि वायरींवर डोकं खपवतात. कुणी ती यंत्रणा काढून टाकतं, कुणी विजेचा पंखा आणि नवा खटका बसवतं. इंजिनावर लाखो खर्च करून शेवटी माणूस अडतो तो पायाला ऊब लागते की नाही इथंच.

एकेरी तार, पिळाची तार

मी चाकणला नोकरीला होतो. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं, गाड्यांचे एसी-हीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात. आमच्या भागातली पोरं पहाटे कंपनीच्या बसनं चाकणला जातात आणि अंधार पडल्यावर परततात. माझं काम डॅशबोर्डवरचा गोल खटका तपासायचं. फिरवला की प्रत्येक टप्प्यावर 'टक्' वाजला पाहिजे, जोर ठरल्याइतकाच लागला पाहिजे. एका खटक्याला एका मिनिटापेक्षा कमी वेळ. असे हजारो खटके मी फिरवले. त्याच्या पलीकडची वायर कुठं जाते हे मी एकदाही पाहिलं नाही. ते दुसऱ्या स्टेशनचं काम होतं. कंत्राट संपलं आणि मी मामाच्या गॅरेजवर आलो.

त्यामुळं हीटरचं नाव निघताच मी शहाणपणा दाखवला. म्हणालो, मामा, छोटी सर्व्हो मोटर बसवू, डॅशवर स्क्रीन देऊ, फोनवरूनसुद्धा चालेल. मामानं शांतपणे विचारलं, "माळशेजात बंद पडली तर उघडायची कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हीटरवर ताबा ठेवायचे दोन रस्ते आहेत. एक पाण्याचा. नळ कमी-जास्त करून छोट्या रेडिएटरमध्ये येणारं गरम पाणीच कमी-जास्त करायचं. दुसरा हवेचा. पाणी कायम फिरत ठेवायचं आणि एका झडपेनं गरम आणि गार हवेचं मिश्रण करायचं. आजच्या गाड्यांत बहुधा दुसरा असतो, कारण त्यात तापमान चटकन बदलतं. पण त्यात डॅशबोर्डखाली एक तापलेली वस्तू बारा महिने बसलेली असते. मंचरच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या गाडीत, तो छळ झाला असता. म्हणून आम्ही नळ निवडला आणि तो इंजिनाच्या बाजूला, मधल्या पत्र्याच्या पलीकडे ठेवला. नळ बंद केला की गरम पाणी आतल्या रेडिएटरला लागतच नाही. भंगारातून एका छोट्या गाडीचा हीटर बॉक्स मिळाला. त्यात एक झडप होती, हवा पायाकडे जाईल की काचेकडे हे ठरवणारी. म्हणजे दोन वायरी, दोन खटके.

पहिला प्रयत्न फसला. मामानं सवयीनं मोटरसायकलची क्लच वायर लावली. खटका ओढला, नळ उघडला, गरम हवा आली, आम्ही टाळ्या वाजवल्या. खटका आत ढकलला, नळ उघडाच. एप्रिल महिना होता. मी गाडी घेऊन कळंबपर्यंत जाऊन आलो तेव्हा माझा उकडलेला बटाटा झाला होता.

कारण शोधायला दोन दिवस लागले आणि कळल्यावर हसू आलं. क्लच वायर बारीक तारांच्या पिळाची असते. ती खेचते, पण ढकलत नाही, ढकलली की आतल्या आत वाकते. मोटरसायकलला ते चालतं, कारण परत न्यायला तिथं स्प्रिंग असते. आमच्या नळाला स्प्रिंग नव्हती. हीटरला आणि चोकला जी वायर लागते ती एकाच जाड तारेची, कडक. नळीत अडकून सरळ राहते म्हणून ती ढकलूही शकते. मामानं एका जुन्या टेम्पोची चोक वायर शोधून काढली.

तरी नळ पूर्ण बंद होईना. आता चूक मापाची होती. चोकचा खटका साधारण २५ मिलिमीटर बाहेर येतो आणि नळाच्या दांडीच्या टोकाला पूर्ण फेरीसाठी ४० मिलिमीटर लागत होते. मी नवीन खटका ऑनलाइन शोधायला बसलो. मामानं दांडी काढली, टोकाऐवजी आत, खिळीपासून पाच अष्टमांश अंतरावर, नवीन भोक पाडलं आणि वायर तिथं अडकवली. दांडी जेवढी आखूड तेवढी सरक कमी लागते. जोर मात्र त्याच हिशेबानं वाढतो. खटका जड झाला. मग मोठी मूठ बसवली, वळणं सैल केली, वायरीची बाहेरची नळी दोन्ही टोकांना घट्ट क्लिप केली, कारण ती सैल असली की आतली तार हलायच्या ऐवजी नळीच हलते. मामाला त्रैराशिक कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या डिप्लोमात लिव्हरवर पूर्ण धडा होता.

कायदा आणि मीरा

मालकांना आधी बॉडीचं टप कापून उघडी गाडी हवी होती. मामानं नकार दिला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ बांधणीपासून फारकत घेणारे असे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. बॉडीचा प्रकार, इंजिन, आसनसंख्या, रंग हे नोंदणीपत्रावर असतं. सीटचा विषय मालकांनी आधी आरटीओत जाऊन विचारला, मगच आम्ही हात लावला. हीटरचा खटका मात्र नोंदणीपत्रावर कुठंच नसतो. कायद्यानं मिस्त्रीला मोकळं सोडलेला तो वीतभर मुलूख.

हा कायदा मला चुकीचा वाटत नाही. चॅसी वाढवलेल्या, बसची माणसं दुप्पट केलेल्या गाड्यांचे अपघात आपण वाचतो. पण आपल्याकडे हातानं गाडी बांधणाऱ्याला मोठं होता येत नाही, ही खंत जुनी आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकात स्वतः छोटी मोटार बांधायला घेतली. १९४९ ला पहिली गाडी रस्त्यावर आली, एमएचके १९०६ या नंबरची. पुढची वीस-पंचवीस वर्षं ते नवीन नमुने करत राहिले. गाडीचं नाव मीरा. इंजिन मागं, किंमत साधारण १२,००० रुपये ठेवायचा विचार. मोठं शिक्षण नाही, मोठं भांडवल नाही. मीरा कारखान्यातून कधीच निघाली नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, पण 'सामान्य माणसाची छोटी गाडी' ही कल्पना इचलकरंजीत त्याच्या कितीतरी आधी चालून दाखवली गेली होती.

मी मामाला फोनवर मीराचा फोटो दाखवला. त्यानं दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हेची वायरिंग बघायला मिळाली असती तर."

खटका कुणाच्या हातात

आता नवीन गाड्यांमधून खटके जात आहेत. हीटर, एसी, पंखा, सगळं काचेच्या स्क्रीनवर. बोट ठेवलं की लागतं, पण बोट कुठं ठेवायचं हे बघायला रस्त्यावरून नजर काढावी लागते. खटका हाताला नुसत्या स्पर्शानं सापडतो. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा काही मोजक्या गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणं असावीत असा आग्रह धरला आहे. त्या यादीत हीटर नाही. माळशेजला विचारलं असतं तर तो पहिला आला असता.

मी स्क्रीनच्या विरोधात नाही. मी हे फोनवर लिहितोय, तुम्ही फोनवर वाचताय. पण शंभर-सव्वाशे वर्षांत हा ताबा कसा सरकत गेला ते पाहा. आधी पाय उचलायचा, मग बॉनेट उघडायचं, मग वायर ओढायची, आता स्क्रीनला सांगायचं. प्रत्येक पायरीवर आराम वाढला आणि प्रत्येक पायरीवर आतलं काय चाललंय हे कळणारी माणसं कमी झाली. चाकणमध्ये मी खटक्याच्या एका टोकाला होतो. दुसरं टोक बघायला मला मंचरला परत यावं लागलं.

डिसेंबरात गाडी तयार झाली. मालक न्यायला येण्याच्या आदल्या दिवशी, पहाटे चारला, मामानं मला उठवलं. म्हणाला, चल, बघून येऊ. कळंब, नारायणगाव, आळेफाटा, डावीकडे वळून ओतूर. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, उसाच्या फडांवर धुकं. आम्ही मुद्दाम खिडक्या बंद ठेवल्या आणि गप्पा मारत राहिलो. मढच्या पुढं काच आतून धूसर व्हायला लागली. मामानं ती होऊ दिली. थोड्या वेळानं त्यानं रस्त्यावरची नजर न हलवता हात पुढं केला आणि दोन मुठी चाचपल्या. त्यांच्यावर त्यानं स्वतः ठशानं अक्षरं ठोकली होती. एका मुठीवर 'ऊब', दुसरीवर एका बाजूला 'काच' आणि दुसऱ्या बाजूला 'पाय'. मालकांना ती इंग्रजीत हवी होती. मामानं तेवढं एकच ऐकलं नाही.

त्यानं दोन्ही ओढल्या. खाली खालच्या कडेला, स्टिअरिंगच्या समोर, मुठीएवढी जागा आधी स्वच्छ झाली. मग ती रुंदावत वर गेली. दोन-तीन मिनिटांत सगळी काच मोकळी झाली आणि समोर घाटाचं पहिलं वळण, पांढरा कठडा, त्याच्यावरचा काळा-पिवळा पट्टा, सगळं स्पष्ट दिसलं.

मामानं कठड्याजवळ गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तवा हे असतं तर त्या माणसाचे टोमॅटो येळेवर पोचले असते."

आणि वायर जराशी आत ढकलली. नळ बंद झाला.